बरणीला कोण जेवू घालतं

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, पाववाले. माणूस सोन्यासारखा, पण बायबल वाचायची त्यांची रीत जगावेगळी. आठवड्याला एकच पान वाचायचं आणि सात दिवस त्या पानाबरहुकूम वागायचं. पुढच्या पानात डोकावायचंसुद्धा नाही.

दुसरा गाल पुढे करण्याचं पान आलं, तेव्हा न्हाव्याच्या हातून यांचा एक गाल कापला गेला. यांनी शांतपणे दुसरा पुढे केला. न्हावी इतका हादरला की त्या दिवसापासून तो छत्र्या दुरुस्त करतो. मग उजव्या हाताचं दान डाव्याला कळू न देण्याचं पान आलं. झालं, डावा हात आठवडाभर खिशात. एका हातानं मळलेले ते पाव एका अंगाला कलून निघाले, आणि खाणारेही तिरके चालायला लागले. खोटं वाटत असेल तर माझी मान बघा.

मग आलं ते पान. पाखरं पेरत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी देव त्यांना जेवू घालतो. तेव्हा उद्याची काळजी सोडा.

आता पाववाल्याची उद्याची काळजी म्हणजे पाव फुगवणाऱ्या खमिराची बरणी. जुनं खमीर जिवंत असतं. त्याला रोज मूठभर मैदा आणि घोटभर पाणी लागतं; नाही दिलं तर ते मरतं, आणि मग पाव नाही, विटा निघतात. ही बरणी आमच्या आईनं धाकटीला लग्नात दिलेली. आईच्या हातचं तेवढंच काय ते उरलेलं.

"आजपासून बरणीला कुणी मैदा घालायचा नाही," दाजी म्हणाले. "देव घालेल."

"अहो, देवाला दुसरी कामं नाहीत?"

"पाखरांना घालतोच ना?"

धाकटीनं कंबरेवर हात ठेवले. "बरं. मीही हात लावणार नाही, शपथ. पण आईचं खमीर मेलं, तर रिकामी बरणी काखेत मारून दादाकडे जाईन. कायमची!"

दादा म्हणजे मी, तेव्हा त्यांच्याकडेच पाहुणा आलेला. आणि माझ्या घरात धाकटी असली की मला एक थाप धड पूर्ण करता येत नाही.

पहिल्या दिवशी बरणी नुसती सुस्कारली. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटातली गुरगुर ऐकून मांजरानं घर सोडलं. भट्टी थंड, गिऱ्हाइकं हात हलवत परत. दाजी खिडकीत बसून पाखरं बघत होते, पण सारखी नजर बरणीच्या फडताळाकडे. शेवटी दुपारी सगळे पेंगल्यावर मी हळूच चमचाभर मैदा बरणीत सोडला.

संध्याकाळी बघतो तर खमीर चांगलं पोटभर जेवल्यासारखं फुगलेलं! म्हटलं, बाकीचं देव घालतोय, तर आपला चमचा कशाला मागे ठेवा? मग मी रोजच घालू लागलो.

रविवारी आम्ही जेवायला बसलो आणि बरणीचं झाकण उडून छताला चिकटलं. खमीर बाहेर आलं, त्यानं फडताळ उचलून बाजूला ठेवलं, आणि सरळ दाजींच्या खुर्चीत जाऊन बसलं.

"चमत्कार!" दाजी ओरडले. पण आवाजात दम नव्हता.

धाकटी त्यांच्याकडे निरखून बघत होती. "अहो, आठवडाभर भट्टी बंद. मग तुमच्या मिशीला मैदा कुठला?"

दाजींनी मान खाली घातली. "उजव्या हातानं घातला. डाव्याला विचार हवं तर, त्याला काही ठाऊक नाही. आणि तुझ्या कोपराला गं?"

"आई स्वप्नात आली होती. भुकेली दिसली."

मग दोघं माझ्याकडे वळली. "दादा?"

"मी? मी पाहुणा माणूस!" असं म्हणेपर्यंत माझ्या खिशातून चमचा पडला.

दाजी मटकन बसले, तेही खमिरातच. "म्हणजे देवानं काहीच केलं नाही. आणि माझा विश्वास एक दिवसही टिकला नाही."

धाकटी त्यांच्या पाठीचं खमीर खरवडू लागली. "मी शपथ मोडली, तुम्ही पान मोडलं. आणि दादानं जन्मात कुणाला फुकट चमचाभर काही दिलंय? त्याच्या हातून मैदा सुटला, अहो! हे काय आपल्यापैकी कुणाला जमलं असतं?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. माझ्यामुळे कुणाचा देवावरचा विश्वास बसल्याची ही पहिलीच वेळ.

मग भट्टी पेटवली. इतके पाव निघाले की आळीतल्या लोकांनी उरलेल्या पावांच्या उशा केल्या. बरणी धुऊन, तळाशी आईचं खमीर ठेवून, धाकटीनं ती परत फडताळात मांडली.

संध्याकाळी दाजींनी पान उलटलं. दुसऱ्याचा न्याय करत बसू नका, असं त्यावर निघालं. तिघांनी एकदम सुटकेचा निःश्वास टाकला. पान असावं तर असं.

पाण्यावर चालण्याचं पान अजून पुढे आहे. धाकटीनं गुपचूप डोकावून पाहिलंय, आणि मोठा टॉवेल आत्ताच काढून ठेवलाय.