राहिलेला आक्षेप

विद्वानांच्या जगात मान कापायची मोठी सभ्य पद्धत आहे. लेख पाठवला की संपादक तो परीक्षकाकडे धाडतात. लेख कुणाचा हे परीक्षकाला सांगत नाहीत आणि परीक्षक कोण हे लेखकाला. मुग्धाला ही पद्धत मान्य होती. सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या रिक्षात तिने फोनवर तो अभिप्राय उघडला, तोवर तरी होती.

लेख प्रार्थनेवर होता. प्रार्थनेने देव बदलत नाही, मागणारा बदलतो, असं तिचं म्हणणं. लेख छापून आला असता तर कॉलेजातली तत्त्वज्ञान शिकवायची नोकरी कायम झाली असती. अभिप्रायाच्या शेवटी लिहिलं होतं, 'छापू नये.' तेही तिने गिळलं असतं. पण त्याच्या वरचं वाक्य तिने तीनदा वाचलं. 'मागणारा बदलला की पुरे असेल, तर देव आणि रुग्णालयातल्या यंत्राचा हिरवा दिवा यांतला फरक लेखकाला सांगता येणार नाही.'

हिरवा दिवा लेखात कुठेही नव्हता.

तो नागपूरच्या हॉस्पिटलात होता, बाबांच्या उशाशी. त्या दिव्याकडे बघत ती 'एवढ्या वेळी वाचव' असं पुटपुटत बसली होती. बाबा गेले, आणि आपण नक्की कुणाशी बोलत होतो ही शंका मागे राहिली. आईला हे सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने दहा मिनिटांत थेरपिस्टची अपॉइंटमेंट घेतली असती. तिने ते एकाच माणसापाशी सांगितलं, रडत रडत. नरसिंहराव अण्णांपाशी.

अण्णा विजापूरकडचे, निवृत्त प्राध्यापक, तिच्याच सोसायटीत पलीकडच्या इमारतीत राहणारे. दर शनिवारी दोघं वादाला बसत. अण्णा पूर्वपक्ष घेत, म्हणजे विरोधकाची बाजू मांडत, आणि मुग्धा ती खोडून काढी. तिचा लेख अण्णांच्याच जुन्या पुस्तकाला खोडून काढत होता. 'बिनधास्त लिही,' असं अण्णाच म्हणाले होते. 'गुरूला हरवणं हीच दक्षिणा.' ओठात एक आणि पोटात एक, त्यातून विद्वानही सुटत नाहीत.

शनिवारी ती गेली. आपलंच चुकत असेल, अशी वेडी आशा होती.

"लेख नाकारला, अण्णा."

"अगं देवा! कोण गं हा शहाणा?" अण्णांनी चष्मा काढून पुसला. "असू दे. बस हितं. मी पूर्वपक्ष होतो, स्वल्प घासूनपुसून घेऊ."

देवाला सगळं ठाऊक असताना मागायचं कशाला? दोन वैऱ्यांनी उलटसुलट मागितलं तर? अण्णा विचारत गेले, ती उत्तरं देत गेली. दर शनिवारी ते शेवटी एकाच ठिकाणी येत, आवाज खाली आणून विचारत, 'आणि त्या दिव्याचं काय, मुग्धा?' तिच्याकडे उत्तर नसे. ते हसून म्हणत, 'सरी, बरं तर, पुढच्या शनिवारी.'

आज त्यांनी दिव्याचा विषय काढला असता तर तिने मानलं असतं की सगळा योगायोग आहे. ती वाट बघत राहिली. अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं, पाऊस येईल म्हणाले, आतल्या खोलीकडे बघून कॉफीचं विचारलं.

"एक आक्षेप राहिला, अण्णा."

"आज थकलो गं मी."

केसाने गळा कापणं तिने फक्त ऐकलं होतं.

"मग मीच मांडते. देव आणि तो हिरवा दिवा, यांत फरक काय?"

अण्णांनी मान वर केली नाही. सवयीनेच असावं, त्यांनी विचारलं, "सापडलं काय उत्तर?"

"देवाचं अजून नाही. दिव्याचं सापडलं. त्याच्यापाशी मी जे बोलले, ते त्याने कुणाला सांगितलं नाही."

अण्णांच्या पत्नी कावेरीअक्का कॉफी घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मुग्धा चपला घालत होती. "अगं, निघालीस कुठं? कॉफी तरी घे की!" तिने दार ओढून घेतलं.

लिफ्टपाशी उभी राहिल्यावर तिला हुंदका फुटला. उत्तर खरंच चांगलं होतं. आणि त्याला मनापासून दाद देईल असा या एवढ्या शहरात एकच माणूस होता.