पर्सीकरांची सोयरीक

येसाजी ठोंबऱ्यांसमोर सोयरीक घेऊन बसणं म्हणजे पोलीस चौकीत बसण्यापैकीच. कशेळ्यापासून खालापुरापर्यंत कोणाचं मूळ कुठलं, कोणाची भावकी कुठे पांगली, कोणाचं देवक काय, सगळं त्यांना तोंडपाठ. माझी बहीण त्यांची सून. तिच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझ्या वडिलांना असं उलटंपालटं करून विचारलं होतं, की परतीच्या जीपमध्ये वडील म्हणाले, "आपण नक्की कोण आहोत, हेच मला आता कळेनासं झालंय." तेव्हापासून माझा म्हाताऱ्यावर दात आहे.

त्यामुळे माझी भाची प्राची तिच्या पुण्याच्या कंपनीतला एक इंग्रज घरी आणणार आहे हे कळल्यावर मी खालापूरचं फरशीचं दुकान बंद केलं आणि आदल्या दिवशीच बहिणीकडे येऊन थडकलो. अशी मजा फुकट सोडणारा मी नाही.

पण प्राचीचा जीव टांगणीला लागला होता. "मामा, आजोबा नाही म्हणाले तरी कोर्टात लग्न होईल," ती मला म्हणाली. "पण ते घरी रुसून बसलेत आणि मी तिकडे हार घालतेय, हे मला जमणार नाही." आणि आजोबा नाहीच म्हणणार होते. त्यांना एकुलता मुलगा, त्याला ही एकुलती मुलगी. प्राची लग्न करून गेली की ठोंबरे नाव या घरातून संपलं, हे ते तिच्या बारशापासून ऐकवत आले होते. जावई निदान भागातला असता, तर ओळखीच्या आडनावात विरघळलो एवढं तरी समाधान मिळालं असतं.

ऑलिव्हर पर्सी पडवीत मांडी घालून बसला. गुडघे पार कानाशी आले होते, पण तक्रार नाही. घरात अस्खलित इंग्रजी एकट्या प्राचीला येतं, म्हणून नवरी मुलगीच दुभाषी झाली. मग पोहे आणणार कोण? ते मी आणले.

"गाव कुठलं?" येसाजींनी सुरुवात केली.

"यॉर्कशर."

"ते ऱ्हायाचं झालं. मूळ गाव?"

दुसरा कोणी परदेशी असता तर इथेच गडबडला असता. ऑलिव्हरचा चेहरा मात्र उजळला. त्याला आणि त्याच्या वडिलांना या विषयाचं वेडच आहे म्हणे. मूळ गाव फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत, गावाचं नावच पर्सी. साडेनऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन राजाने इंग्लंड जिंकलं, त्याच्या मागोमाग विल्यम नावाचा एक सरदार तिथून गेला आणि यॉर्कशरात जमिनी मिळवून बसला. बाकीचे नॉर्मन चेहरा गुळगुळीत ठेवणारे, हा एकटा मिशीवाला, म्हणून त्याला लोक मिशाळच म्हणत. ऑलिव्हरने हेही सांगून टाकलं, की आपण त्याच्या थेट वंशातले आहोत याचा काही पुरावा नाही. पणजोबा लोकरीच्या गिरणीत होते. आडनाव मात्र तेच.

"म्हंजे पर्सीकर," येसाजी म्हणाले. "मग 'कर' कुठं गेला?"

"ते पुढे 'द' लावायचे, आजोबा. म्हणजे पर्सीचा विल्यम. नंतर गळून गेलं."

"शेपूट तोंडाला लावल्यावर गळणारच. गावाकडं कोण हाय आता?"

"कोणी नाही."

"जत्रंला पण जात नाय?"

ऑलिव्हर आयुष्यात एकदा त्या गावी गेला होता आणि कॉफी पिऊन परत आला होता. इतक्या पिढ्यांत गावच्या देवाला एक नारळ नाही, हे ऐकून येसाजींनी कपाळाला हात लावला. पण रागावले नाहीत. तो मिशाळ त्यांना आवडला असावा, कारण बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला.

पुढे ऑलिव्हर बराच वेळ बोलला. प्राचीने त्याचं एकच वाक्य केलं, "मग पुढे घराणं वाढलं."

आता मी फरशा विकत असलो तरी इतकं इंग्रजी मला समजतं. "आणि ते अ‍ॅग्नेसचं काय गं?" मी विचारलं. "ते गाळलंस."

प्राचीने माझ्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं. तिने गाळलं ते शहाणपणानेच. खोटं कशाला बोलू, मला फक्त म्हाताऱ्याचं तोंड बघायचं होतं. म्हणून मीच सांगितलं. काही पिढ्यांनी मिशाळाच्या घरात मुलगाच उरला नाही, नुसत्या मुली. त्यातल्या अ‍ॅग्नेसने परदेशातून आलेल्या एका राणीच्या भावाशी लग्न केलं आणि मुलांनी बापाचं सोडून आईचं आडनाव लावलं. पुढे सहाशे वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग आला, तेव्हा स्मिथसन नावाच्या जावयाने स्वतःच पर्सी हे नाव घेतलं.

"म्हंजे घरजावयांनी नाव राखलं," येसाजी सावकाश म्हणाले. "आन् कोण हसलं नाय त्यांना?"

"हसतंय कोण? मोठे मानकरी झाले ते," मी म्हणालो.

म्हातारा सरसावून बसला. माझा अंदाज साफ चुकला होता. "मग इचार गं पाव्हण्याला. त्यांच्यात रीतच हाय, तर यानं ठोंबरे व्हावं. आमी आत्ता सुपारी फोडतो."

ऑलिव्हरने "ठोंबरे" म्हणून पाहिलं, दोनदा पाहिलं, हसला. मग हसणं थांबवून हळूच काहीतरी बोलला. प्राचीने या वेळी एक शब्दही गाळला नाही. "तो म्हणतो, मला चालेल. पण वडिलांना मी एकटाच आहे. त्यांना कसं सांगू, ते सुचत नाही."

येसाजींचा चेहरा उतरला. "म्हंजे तिकडं पण एक म्हातारा हेच घोकत बसलाय," ते म्हणाले आणि पोह्यांची बशी बाजूला सारली. सोयरीक मोडली असं मला वाटलं. चेष्टा करायला गेलो आणि भाचीच्या सुखात मीच माती कालवली, म्हणून फार वाईट वाटलं.

तेवढ्यात दारातून अंबाबाई, म्हणजे येसाजींच्या मंडळी, बाहेर आल्या. हातात लसूण, नजर लसणावर. "तुमच्या आज्याचं आडनाव काय वो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

येसाजींनी बाजूला सारलेली बशी पुन्हा पुढे ओढली.

"मी सांगू? आजेसासरे मुरबाडकडून आलेले, घरजावई. ठोंबरे होत्या त्या सोनुबाई, आजेसासूबाई. मला सासूबाईंनी सांगितलंय. यांनी कुणाला सांगायचं नाय म्हणून शपथ घातलेली."

सगळ्या तालुक्याची मुळं उकरणारा माणूस छताकडे बघत बसला. माझ्या वडिलांची मला फार आठवण झाली. ते हवे होते त्या वेळी.

"नाव दोन्हीकडं बायांनीच राखलंय," अंबाबाई म्हणाल्या. "मग पुरुषांनी कशाला भांडायचं? पोरीलाच ठरवू द्या."

प्राचीने ऑलिव्हरला सगळं समजावलं. दोघं आपसात थोडं बोलले. मग ती आजोबांच्या पायाशी येऊन बसली. "मी ठोंबरेच राहणार, तो पर्सीच. मुलगा झाला तर पर्सी. मुलगी झाली तर ठोंबरे."

"पोरगा झाला तर त्यांचा?"

"हो."

"आन् पोरगी आमची?"

"तुमची."

येसाजींनी सुपारी मागवली.

लग्न मार्गशीर्षात झालं. हळद उतरायच्या आत म्हातारा नारळ घेऊन गावदेवीच्या देवळात गेला आणि पुजाऱ्याला नवस बोलायला सांगितलं. पुजाऱ्याने नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि "यांच्या घरी मुलगा" एवढं म्हणतोय तोच येसाजींनी त्याचा दंड धरला.

"पोरगी माग रं," ते म्हणाले. "पोरगा झाला तर आमी बुडलो."