कुणी न उपसलेलं पाणी

इझमीरच्या स्टेशनात लोकल गाडीचं दार बंद झालं तेव्हा म्हातारीची पिशवी हालिस उस्ताच्या हातातच होती. पिशवी आत ठेवायची आणि खाली उतरायचं, एवढाच त्याचा बेत. पण पिशवीतलं कलिंगड निसटून बाकाखाली गेलं, ते काढायला तो वाकला आणि गाडी सुटली.

"अहो, थांबवा! मला विमानतळावर जायचंय!" दारावर थापा मारत तो ओरडला.

"मग इकडं कशाला चढलात?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "विमानतळ त्या अंगाला. ही गाडी कार्शियाकाला चालली."

"तुमची पिशवी ठेवायला चढलो, ताई!"

"मग घाई आहे असं सांगायचं ना. दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं मी."

आमच्या द्राक्षांच्या मुलखात म्हातारं माणूस ओझं घेऊन उभं दिसलं की हात आपोआप पुढं होतो. हात पुढं करण्याआधी गाडी कुठं जाते हे विचारायची पद्धत नाही. हालिस उस्ता कपाळावरचा घाम पुसत बाकावर बसला. अंगात ठेवणीतला कोट होता, आणि भर सप्टेंबरात तो त्याला चांगलाच जाचत होता.

उस्ता म्हणजे कारागीर; हा पंप दुरुस्त करायचा. आलाशेहिरच्या वरच्या गावांत त्याच्या हाताखालून गेला नाही असा पंप सापडायचा नाही. जमिनीतलं पाणी दरवर्षी थोडं खाली जायचं, आणि उस्ता पाइपाला पाइप जोडत त्याच्या मागं जायचा. उभा जन्म त्यानं पाण्याचा पाठलाग केला. इझमीर तिथून सकाळच्या गाडीनं गाठता येतं, पण त्यानं कधी गाठलं नव्हतं. मोटारी जळायच्या नेमक्या उन्हाळ्यात, आणि हिवाळ्यात शहरात जाऊन करायचं काय, असं त्याचं म्हणणं.

आज आला होता तो मुलीसाठी. नेस्रिन इझमीरच्या एका इस्पितळात परिचारिका होती. दुपारच्या विमानानं ती जर्मनीला चालली होती, कायमचीच म्हणा ना. आठवड्यापूर्वी ती गावी निरोप घ्यायला आली. अंगणात बेदाणे वाळत पडले होते. बापाच्या हाताचं चुंबन घ्यायला ती वाकली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "बाबा, तुमचं माझ्यावर जे काही आहे, ते मला हलाल करा."

म्हणजे राहिलेलं देणं, चुकलंमाकलं सगळं माफ करा. दूर जाणाऱ्यानं हे मागायचं असतं, आणि मागं राहणाऱ्यानं "हलाल असो" म्हणायचं असतं. न जाणो, पुन्हा भेट होते न होते. भांडलेले शेजारीसुद्धा या वेळी नाही म्हणत नाहीत. हालिस उस्तानं हात मागं घेतला. "मला मोटार बघायला जायचंय," म्हणाला, आणि उठून गेला. संध्याकाळी चहाच्या दुकानात चारचौघांत म्हणाला, "जर्मन म्हाताऱ्यांची अंगं पुसायला चालली. घरात म्हातारा नव्हता का?" कुणी हसलं नाही. मुलगी निघाली तेव्हा बायकोनं, साफियेनं, जाणारा सुखरूप परतावा म्हणून गाडीमागं ओततात ते पाणी एकटीनंच ओतलं. तेव्हापासून ती नवऱ्याशी बोलत नव्हती. ताट समोर ठेवायची आणि पाठ फिरवायची. आज सकाळी तिनं न सांगता कोट काढून खुंटीला लावला, तेव्हा उस्तानं तो मुकाट्यानं अंगात घातला.

फोन करता आला असता. पण फोनवर बेअरिंगचा भाव विचारायचा. 'हलाल असो' हे असलं फोनवर म्हणायचं नसतं, असं त्याचं मत होतं. शिवाय तिनं उचललाच नसता तर?

"कोण जातंय विमानानं?" म्हातारीनं विचारलं. तिचं नाव मुअज्जेझ. केस रंगवलेले, ओठांना लाली.

"मुलगी."

"आणि तुम्ही आत्ता निघालात होय? वा! बरं, आता माझं ऐका. कार्शियाकाला माझ्याबरोबर उतरा. धक्क्यावरून बोट धरा, पलीकडं आल्सान्जाकला उतरा. तिथून विमानतळाची गाडी मिळते."

"उतरून उलट्या गाडीत बसलो तर?"

"बसा की! आमच्या गावात बोट असताना गाडीनं जाणारा माणूस एक तर आजारी असतो नाहीतर परका. तुम्ही आजारी दिसत नाही."

"मी परकाच आहे, ताई."

"म्हणून तर सांगते. समुद्र पाहिलाय कधी?"

उस्तानं कोटाची बटणं चाचपली. एवढ्या वयाच्या माणसानं 'नाही' म्हणायचं म्हणजे कमीपणाच. मुअज्जेझनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि पुढं टोमणा मारला नाही. कार्शियाकाला उतरल्यावर कलिंगडाची पिशवी मात्र तिनं पुन्हा त्याच्याच हातात दिली, आणि दुकानांच्या रस्त्यानं त्याला धक्क्यापर्यंत नेलं.

रस्ता संपला आणि उस्ताचे पाय थांबले.

त्याला वाटलं होतं, धरणासारखं काहीतरी असेल. धरण त्यानं पाहिलं होतं. धरणाला काठ असतो, भिंत असते, पाणी किती आहे ते भिंतीवर लिहिलेलं असतं. इथं पलीकडं डोंगर दिसत होते, शहर दिसत होतं. पण डाव्या-उजव्या हाताला पाणी नुसतं चाललंच होतं. उजवीकडं तर ते आभाळाला जाऊन भिडलं होतं. ते हलत होतं, चमकत होतं, आणि त्याला कुणी उपसलं नव्हतं. ना पाइप, ना मोटार, ना वीज. उस्ताचा हात आपोआप डोक्याकडं गेला आणि त्यानं टोपी काढली.

"हे सगळं... आपलंआपणच आहे?" त्यानं विचारलं.

"दुसरं कोण आणून ओतणार?" मुअज्जेझ म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "जा. बोट सुटेल. मुलीला माझा सलाम सांगा." पिशवी घेऊन ती निघून गेली.

बोटीत उस्ता कठड्याला धरून उभा राहिला. चहावाला आला तरी त्याचं लक्ष नव्हतं. पक्षी बोटीच्या बरोबरीनं उडत होते. बायका त्यांना तीळ लावलेल्या पावाच्या कड्यांचे तुकडे फेकत होत्या, आणि ते हवेतच झेलत होते. खाली पाणी किती खोल असेल याचा अंदाज बांधायला तो गेला, कारण ती त्याची रोजची सवय. विहिरीत वाकून खडा टाकला की तो खोली सांगायचा. इथं अंदाजच चालेना. त्याला चक्क हसू आलं. जन्मभर आपण एका चमच्यासाठी धडपडत होतो की काय!

आणि मग त्याला नेस्रिन आठवली. शिकायला इथं आली त्या पहिल्याच सुटीत गावी येऊन म्हणाली होती, "बाबा, या ना एकदा, तुम्हाला समुद्र दाखवते. मी रोज बोटीनं जाते." तो म्हणाला होता, "खारं पाणी द्राक्षाला चालत नाही. काय करू बघून?" पुढच्या सुटीत तिनं पुन्हा बोलावलं. त्याच्याही पुढच्या. दरवेळी कुणाचा ना कुणाचा पंप बिघडलेला असायचा. पुढं पुढं तिनं बोलावणं सोडलं, आणि तिनं सोडलं हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पोर इतकी वर्षं हे एवढं पाहत होती आणि ते दाखवायला तिच्याजवळ कुणी नव्हतं. गावात कुणाला सांगणार? सांगायचं ज्याला होतं, त्यानं खाऱ्या पाण्याचं कारण काढलं. उस्ताला कठड्याशी उभ्याउभ्या लाज वाटली. अशी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

आल्सान्जाकला विचारत विचारत स्टेशन गाठलं. या खेपेला गाडीत चढण्याआधी त्यानं तिघांना विचारलं, आणि एक बाई जड पिशवी घेऊन उभी होती, तिच्याकडं पाठ केली. त्याबद्दल अल्ला त्याला माफ करो.

विमानतळाच्या दारात तपासणी होती. त्याच्या कोटाच्या खिशात लहान पाना निघाला.

"काका, हा आत नेता येणार नाही," तिथली पोलीस मुलगी म्हणाली. "जाताना घेऊन जा."

तो पाना आजवर त्यानं सख्ख्या भावालाही वापरू दिला नव्हता. "ठेव, पोरी, ठेव," म्हणत तो आत पळाला आणि पुन्हा थबकला. केवढी ती जागा! छत इतकं उंच की खाली माणसं बेदाण्यांसारखी पसरलेली. जो तो आपली पेटी ओढत कुठंतरी निघालेला, आणि कुणाला रडू येत नाहीसं दिसत होतं. एवढ्या माणसांच्या घरी कुणीतरी मागं राहिलंच असेल, उस्ताच्या मनात आलं.

नेस्रिन त्याला पासपोर्टच्या रांगेत सापडली. मध्ये पट्टा लावलेला होता. प्रवासी त्या बाजूला, बाकीचे या बाजूला. तिच्यापुढं थोडीच माणसं उरली होती.

"नेस्रिन!"

ती वळली. तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा? आईला काय झालं?"

"काही नाही. बरी आहे ती."

"मग? तुम्ही इथं कसे?"

रस्ताभर त्यानं एकच वाक्य घोकलं होतं. 'हलाल असो.' तोंड उघडायचं आणि म्हणून टाकायचं. तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"समुद्र बघितला."

नेस्रिन रांगेतून पट्ट्याजवळ सरकली.

"तू बोलवत होतीस. मी आलो नाही." उस्ताच्या हातात टोपी होती, आणि तो ती पिळत होता. "पोरी, तुझं माझ्यावर जे काही आहे, ते मला हलाल कर."

"बाबा!" तिनं इकडंतिकडं पाहिलं. रांगेतली माणसं बोलायची थांबली होती. "हे मी म्हणायचं असतं. तुम्ही नाही."

"तू म्हटलंस. मी उठून गेलो. आता माझी पाळी. आधी तू दे."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "हलाल असो, बाबा," ती म्हणाली. रीतीप्रमाणे तीनदा म्हणाली. मग पट्ट्यावरून वाकून तिनं त्याचा हात धरला, चुंबन घेतलं, कपाळाला लावला. "आता माझं."

"हलाल असो," उस्ता म्हणाला. "हलाल असो. आईच्या दुधाइतकं हलाल असो."

मागचा एक तरुण हळूच म्हणाला, "ताई, तुमचा नंबर आला." त्यानं तिची पेटी पुढं ढकलून दिली. नेस्रिन डोळे पुसत पुढं गेली.

"बाबा, जाताना बोटीनं जा!" खिडकीजवळून ती ओरडली. "संध्याकाळी आणखी छान दिसतो!"

मग ती आत गेली, आणि तिच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलं.

उस्तानं पाना परत घेतला आणि बाहेर आला. फोनवर साफियेला "भेटलो" एवढंच म्हणाला. मग ती म्हणाली, "जेवलात का?" इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदाच बोलली.

स्टेशनकडं जाणाऱ्या वाटेवर एक बाक होता. तिथून वर चढणारी विमानं दिसत होती. उस्ता तिथं बसला. शेजारी एक टॅक्सीवाला सिगारेट ओढत होता.

"कोणतं तुमचं, काका?" त्यानं विचारलं.

"ठाऊक नाही," उस्ता म्हणाला.

तेवढ्यात एक विमान धावपट्टीवरून वर उठलं. घरून कुणी निघालं की आपण उठतो, तसा हालिस उस्ता उठला. टोपी काढून त्यानं उजवा हात छातीवर ठेवला, आणि विमान दिसेनासं होईपर्यंत तसाच उभा राहिला. मग खाली बसला. थोड्या वेळानं दुसरं आलं, आणि तो पुन्हा उठला.