गॅलनभर पाणी

ओडेल फॉन्टेनोला मी चार वर्षं खायला घालून तीनशे अठरा पौंडांचा केला. लुइझियानातल्या आमच्या छोट्या कॉलेजात फुटबॉलच्या पोरांची ताकद वाढवणं हे माझं काम, आणि चेंडू फेकणाऱ्यापुढे भिंत होऊन उभं राहणं हे त्याचं. मग जानेवारीपासून दहा आठवडे मीच ती भिंत पाडत बसले. कारण मार्चमध्ये व्यावसायिक संघांचे निवडकर्ते येणार होते, आणि ते भिंतीलाही चाळीस यार्ड पळायला लावतात.

पोरगं हट्टाला पेटलं. रविवारी घरी गम्बोचा दाट रस्सा शिजायचा आणि हा पठ्ठ्या उकडलेली कोंबडी चघळत बसायचा. "कोच, माझ्या हातचं टाकायला तुम्हीच शिकवलंत त्याला," त्याची आई, मिस अर्लीन, मला चर्चच्या दारात सुनावून गेली. चाळीस यार्डांची वेळ साडेपाच सेकंदांवरून पाच पॉइंट एकवर आली. पण वजनही उतरलं दोनशे त्र्याण्णववर, आणि तीनशेच्या आतल्या गड्याकडे त्याच्या जागेसाठी कुणी ढुंकून बघत नाही.

"सकाळी गॅलनभर पाणी ढोस आणि काट्यावर उभा राहा," मी म्हटलं. "सगळेच करतात. वजनानंतर पळायच्या आधी तासभर मिळतो, तेवढ्यात सगळं लघवीवाटे निघून जातं."

"ही लबाडी झाली, कोच."

"चार वर्षं पाण्यात घालवायची आहेत का?"

तो प्यायला. काटा तीनशे एकवर थांबला. तेवढ्यात निवडकर्ता हॅलोरन घड्याळ बघत म्हणाला, "मला विमान गाठायचंय. आधी पळवा यांना."

म्हणजे मधला तास गेला. ओडेल रेषेवर वाकला आणि सगळ्यांदेखत भडाभडा ओकला. निव्वळ पाणी.

"हे कुणाचं डोकं?" हॅलोरनने विचारलं.

"माझंच, सर."

"खोटं बोलतोय तो. माझं," मी म्हटलं. शरमेने माझे कान तापले होते.

ओडेल तोंड पुसून पुन्हा काट्यावर चढला. "दोनशे चौऱ्याण्णव, सर. आधीचं खोडा, हे लिहा. आता पळू?"

पळाला. पाच पॉइंट शून्य दोन. हॅलोरनने परत पळवलं. चार पॉइंट अठ्ठ्याण्णव! एवढ्या वेगाने मी त्याला कधीच पळताना पाहिलं नव्हतं.

हॅलोरनने खोडून नवा आकडा लिहिला. "मेमध्ये आमच्या संघाच्या शिबिराला ये. जागा पक्की नाही हं. आणि तीनशे दहा होऊन ये. खरे तीनशे दहा. वेग मात्र हाच हवा."

"हो, सर."

मला रडूच फुटलं. ओडेल माझ्याजवळ आला, अजून धापा टाकत होता.

"पुरे आता, कोच. उद्या किती वाजता येऊ?"