पाण्यातली शिलाई

एका वर्षी मास्तरांनी चित्रकला शिकायला घेतली, तेव्हा त्यांनी बायकोचा अर्धाच चेहरा काढला. एक डोळा, अर्धं नाक, अर्धं हसू.

“उरलेला कुठाय?” बायकोनं विचारलं.

“उरलेला तसाच असतो की,” मास्तर म्हणाले.

जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. कापड दुमडायचं, घडीवर अर्धा सदरा आखायचा, कात्री चालवायची, उलगडलं की अख्खा सदरा हातात. चेहऱ्याला घडी घालता येत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला आठवडा गेला, आणि लक्षात आल्यावर कुंचले माळ्यावर गेले.

माळ्यावर त्यांच्याआधी माउथ ऑर्गन जाऊन बसला होता. त्याच्याही आधी केकचं भांडं. सकाळचं फिरणं काही माळ्यावर टाकता येत नाही, ते आपोआपच संपलं. मास्तर पाय नेतील तिकडे जायचे, आणि पाय त्यांना रोज दुकानात नेऊन मशीनसमोर बसवायचे.

ही सगळी भानगड बायकोची. मुलगा नोकरीसाठी दूर गेला, घरात दोघंच उरली आणि जेवताना बोलायला विषय पुरेनात, तेव्हा तिनं हा नियम काढला. वर्षाच्या पहिल्या सकाळी चहाला बसायचं आणि दोघांनी एकमेकांसाठी एकेक गोष्ट निवडायची, आधी कधीच न केलेली. ज्याच्यासाठी निवडली त्यानं नाही म्हणायचं नाही, आणि वर्ष सरायच्या आत करून दाखवायची. मास्तरांनी निवडलेलं सगळं बायकोनं करून दाखवलं. स्कूटर शिकली. बुद्धिबळ शिकली आणि शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना इतक्यांदा हरवलं की ते तिला लांबून पाहिलं तरी रस्ता बदलायला लागले. मास्तरांचे मात्र दर वर्षी नव्याचे नऊ दिवस. दुसरा महिना लागला की ये रे माझ्या मागल्या. “आता ह्या माळ्याला तिकीट लावते,” बायको म्हणायची, पोटभर हसायची आणि पुढच्या वर्षी नवीन काहीतरी काढायची. मास्तर वरवर चिडायचे. खरं म्हणजे त्यांना ते हसणं आवडायचं.

मग गेल्या वर्षाच्या शेवटच्या दुपारी ते विसरलेली कात्री न्यायला घरी आले. बायको स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती.

“नाही गं, यंदा त्यांच्यासाठी काही निवडत नाहीये मी. नाही होत त्यांच्यानं. उगाच कशाला छळायचं बिचाऱ्यांना?”

मास्तर कात्री न घेताच परत फिरले.

आळशी म्हणाली असती, धरसोडे म्हणाली असती, तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. पण बिचारे? तिच्या आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. विरलेलं कापड गिऱ्हाईकाला परत देताना ते स्वतः ज्या आवाजात “आता ह्यावर टाका नाही धरणार” असं म्हणत, तसा तो आवाज होता.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. बायको म्हणाली, “माझं सांगा. तुमचं यंदा राहू द्या.”

“तू माझं मशीन चालवायला शीक,” मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत तिनं मशीनला हात लावला नव्हता. घरात एका तरी माणसानं सुईपासून लांब राहावं, असं तिचं म्हणणं. “आणि मी पोहायला शिकणार.”

तिचा कप ओठांशीच थांबला. मास्तर पाण्याला इतके भ्यायचे की तोंड धुतानाही डोळे पूर्ण मिटत नसत. पूर्वी एकदा पोहणं तिच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून तिनं ते गिळलं होतं.

“बरं,” ती म्हणाली. एवढंच.

ते ‘बरं’ मास्तरांच्या खिशात टाचणीसारखं राहिलं. हात घातला की टोचायचं.

सार्वजनिक तलाव छपराखाली होता. आत शिरल्याबरोबर औषधाचा वास नाकात चढायचा आणि प्रत्येक आवाज भिंतींवर आपटून दुप्पट व्हायचा. शिकवणारी मुलगी मास्तरांच्या मुलाहूनही लहान. गळ्यात शिटी, पायात रबरी चपला. सगळे तिला कोच म्हणायचे. नेमानं येणाऱ्यांत एक निवृत्त बस कंडक्टर होता. पोटावर हात ठेवून तो पाण्यावर तासन् तास पडून राहायचा आणि जवळून जाणाऱ्याला सवयीनं सांगायचा, “पुढं सरका, पुढं सरका!”

पहिलाच दिवस गाजला. शिंप्यानं तयार चड्डी विकत घ्यायची म्हणजे हलवायानं साखर उसनी मागण्यासारखं. मास्तरांनी स्वतः शिवली. जाड सुती कापड, आतून अस्तर, दुहेरी शिलाई, पुढेमागे अंग सुटलं तर म्हणून शिवणीत दुमडलेली भरपूर माया, आणि तीन खिसे.

“काका, खिसे कशाला?” कोचनं विचारलं.

“बिनखिशाची चड्डी मी कुणालाच शिवत नाही,” मास्तर म्हणाले आणि शिडीवरून खाली उतरले.

आधी चड्डीत हवा भरली आणि ती मागून फुगली. मग कापड पाणी प्यायला लागलं, अस्तर प्यायलं, खिसे भरले. मास्तर काठाला लटकून होते. कोचनं त्यांना वर ओढलं तेव्हा मास्तर आले, पण चड्डीचा यायचा विचार दिसेना. कंडक्टरनं सभ्यपणे पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून हसून घेतलं.

“काका, हा तंबू नेसून मासासुद्धा बुडेल,” कोच म्हणाली.

मास्तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं त्यांना ओळखणारं कुणी नाही अशा दुकानात गेले आणि आयुष्यातली पहिली तयार चड्डी विकत घेतली. तिथंच शिवण ताणून पाहिली, च्च केलं आणि पैसे दिले.

हळूहळू तोंड पाण्यात घालायला जमलं. मग डोळे मिटून, मग पाण्याच्या आत उघडून. काठ सोडायला त्यांना सगळ्यात जास्त दिवस लागले. दुसरा महिना लागला. एका सकाळी ते घरून निघाले आणि भानावर आले तेव्हा दुकानाच्या दारात होते, किल्ली कुलपात. पायांनी जुनीच वाट धरली होती. आत मशीन वाट बघत होतं, उबदार, ओळखीचं. कुणाला कळलंही नसतं. मास्तरांनी किल्ली अर्धी फिरवली. मग खिशातली टाचणी टोचली. किल्ली काढून ते तलावाकडे जवळजवळ धावतच गेले.

“मास्तर, आज उशीर? मला वाटलं, उतरलात मधल्याच स्टॉपला,” कंडक्टर म्हणाला.

“शेवटपर्यंतचं तिकीट आहे माझं,” मास्तर म्हणाले, आणि आपण असं काही बोललो ह्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पण पुढं घोडं अडलं ते अडलंच. हात नीट चालायचे, श्वास जमायचा, पाय हलायचे, पण मास्तर जागचे हलायचे नाहीत. आडवे म्हणून निघायचे आणि दोन हातांत उभे व्हायचे. महिने गेले. शेजारी शिकायला आलेल्या बायका शिकून निघूनही गेल्या.

शेवटी कोच म्हणाली, “काका, तुम्ही उथळ बाजूलाच करत राहा. वयाच्या मानानं छानच आहे.”

“मला खोल बाजूचा काठ गाठायचाय. न थांबता, न धरता.”

“गाठा की. पुढच्या वर्षी.”

“ह्याच वर्षी.”

“एवढी काय घाई?”

“आमच्याकडे तसंच असतं,” मास्तर म्हणाले आणि पुन्हा पाण्यात उतरले.

बायको तलावाबद्दल काही विचारत नव्हती. विचारलं आणि सोडलं म्हणाले तर, म्हणून विचारत नसावी. दुपारी ती दुकानात येऊन मशीन शिकायची. चाक उलटं फिरायचं, दोरा तुटायचा, ती मशीनला नावं ठेवायची. अशाच एका दुपारी मास्तर न राहवून स्वतःच बोलले. “हात बरोबर आहेत म्हणते कोच. श्वास बरोबर आहे. तरी पुढं जातच नाही मी.”

तिनं मशीन थांबवलं. “पायांनी काय करता?”

“मारतो की, मांडीतून, सांगितलंय तसे.”

“मारून दाखवा.”

“इथं?”

“नाही, गिऱ्हाईकांना बोलावते आधी. चढा त्या टेबलावर.”

मास्तर कापड कापायच्या टेबलावर पालथे पडले आणि पोहायला लागले. हात छान गेले. पाय मात्र मांडीतून हललेच नाहीत. दोन्ही पावलं जोडीनं, घोट्यातून, टाच-चवडा, टाच-चवडा. बायकोनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग मशीनच्या पॅडलवरच्या आपल्या पायांकडे पाहिलं. आणि तिला जे हसू फुटलं, ते आवरेना.

“अहो, तुम्ही शिवताय!” ती डोळे पुसत म्हणाली. “तलावात जाऊन शिलाई करताय तुम्ही! एवढ्यात कोचचा एक झगा तरी झाला असता!”

मास्तर टेबलावर तसेच पडून राहिले. हे हसू त्यांनी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की टेबलावर तालीम सुरू झाली. बायको हातात लाकडी पट्टी घेऊन उभी. “घोट्यातून नको. मांडीतून. हं, पुन्हा शिवलंत!” आणि पोटरीवर पट्टी. जन्माची सवय सुटता सुटत नव्हती, पण मास्तरही सोडत नव्हते. तलावात हळूहळू ते पुढं सरकायला लागले. हातभर, मग कंडक्टरच्या पोटापर्यंत, मग उथळ भागाच्या टोकापर्यंत. तिथं एक दोरी होती. दोरीपलीकडे तळ उतरत जायचा आणि फरशीच्या रेघा निळ्या अंधारात बुडायच्या. दोरीपाशी आले की मास्तर मागे वळायचे.

असं करता करता वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तलाव सफाईसाठी बंद होणार होता.

“येतेस?” मास्तरांनी विचारलं.

बायकोनं स्कूटर काढली. काठावरच्या बाकावर ती मांडीवर पिशवी घेऊन बसली. टॉवेल ठेवायला तिनं स्वतः शिवलेली पिशवी. शिलाई अशी गेलेली, जशी मुंगी वाट चुकलीय.

“वहिनी, तिकीट काढलंत का?” कंडक्टरनं विचारलं.

“आधी ह्यांचा प्रवास तर होऊ द्या.”

कोच लांब काठी घेऊन काठानं चालायला लागली. मास्तरांनी भिंतीला पाय लावून अंग लोटलं. मांडीतून, मांडीतून. दोरी आली. आज त्यांनी मान खाली घातली आणि दोरीखालून पलीकडे गेले.

मधोमध त्यांनी एकदा तळ बघितला. तळ नव्हताच. श्वास चुकला, तोंड उघडलं, नाकातोंडात पाणी गेलं. हात सैरावैरा झाले. काठ दोन्हीकडून लांब. पाण्याखाली जाताना त्यांना कोचचा आवाज ऐकू आला, “काका, काठी! काठी धरा!”

आणि तेवढ्यात त्यांचे पाय, कुणालाही न विचारता, कामाला लागले. टाच-चवडा, टाच-चवडा. हात सुईखालचं कापड सपाट करावं तसे दोन्ही बाजूंना पसरले. मास्तर वर आले. हनुवटी पाण्याबाहेर आली आणि तिथंच टिकली. ते खोकले, पुन्हा खोकले. पण खाली जात नव्हते. पायांखाली काहीच नसताना ते त्या खोल पाण्यात उभे होते.

काठी त्यांच्या नाकासमोर आली. मास्तरांनी मान हलवली. नाही.

“अहो काका, धरा!”

पुन्हा नाही. बोलायला श्वास नव्हता, आणि होता तो कामाला हवा होता. पाय चालत राहिले, जसे जाड कापडावर चालतात, सावकाश, न चुकता. छाती हळूहळू शांत झाली. त्यांनी बाकाकडे पाहिलं. बायको उठून उभी राहिली होती, पिशवी खाली पडलेली. तिचं तोंड अर्धं उघडलेलं. परत या म्हणते की काय, असं मास्तरांना वाटलं. तिनं तसं म्हटलं असतं, तर कदाचित ते वळलेही असते.

ती अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

“सुईत दोरा ओवून झाला असेल तर निघा आता!”

कंडक्टर हसताना बुडता बुडता वाचला. मास्तर पुन्हा आडवे झाले. मांडीतून. हात, श्वास, मांडीतून. निळं पाणी, निळं पाणी, मग एकदम पांढरी फरशी. त्यांचा हात तिच्यावर आपटला. बोटं सोलली. त्यांनी काठ पकडला आणि कपाळ त्या थंड फरशीला टेकवलं.

“शेवटचा स्टॉप!” कंडक्टरनं मागून आरोळी दिली. कोचनं शिटी वाजवली, लांबलचक, काही कारण नसताना.

बाकावर बसून मास्तर थरथरत होते. बायकोनं टॉवेल त्यांच्या खांद्यांवर टाकला आणि डोकं खसाखसा पुसलं, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात. मग तिची नजर वर गेली, तलावाच्या टोकाला उड्या मारायच्या दोन फळ्या होत्या तिथं.

“उद्या सकाळपर्यंत थांबत नाही. तुमचं पुढच्या वर्षीचं ठरलं,” ती म्हणाली. “तिथून उडी.”

मास्तरांनी मान उचलली. “खालच्या फळीवरून ना?”

“वरच्या.”

वरची फळी छपराला टेकायला आली होती. मास्तरांनी सवयीनं तिची उंची नजरेनं मापली आणि टॉवेल गळ्याशी घट्ट ओढला. बिचाऱ्या माणसाला कुणी तिथं चढवत नाही. त्यांनी ती पुन्हा एकदा मापली, आणि भीती वाटत असूनसुद्धा त्यांना हसू आलं.

“बरं,” ते म्हणाले.

इकडे त्यांची पावलं फरशीवर हलायला लागली होती. टाच-चवडा, टाच-चवडा. बायकोनं आपलं पाऊल त्यांच्या पावलांवर ठेवलं.

“थांबा जरा. ते वर्ष उद्या लागतंय.”