चष्मा लावलेला अंगठा

मी अंगठा बोलतोय. कुणाचा, असं विचाराल तर कुणाचाच नाही. मी जन्मापासून सुटा आहे.

घाबरू नका. मी रबराचा आहे, आतून पोकळ. जादूगार मला आपल्या खऱ्या अंगठ्यावर टोपीसारखा चढवतात, माझ्या पोटात लाल रेशमी रुमाल कोंबतात आणि मोकळे हात दाखवून लोकांना विचारतात, "रुमाल गेला कुठं?" तो कुठंही गेलेला नसतो. तो माझ्या पोटात असतो आणि मी सगळ्यांच्या नाकासमोर असतो. हे गुपित मी फोडायला नको होतं, पण ते फोडल्याशिवाय तुम्हाला पुढचं काही कळायचं नाही.

माझा जन्म खेळण्यांच्या कारखान्यात झाला. एका टेबलावर बाहुल्यांची डोकी, दुसऱ्यावर बदकं आणि मधल्यावर आम्ही अंगठे. बाहुल्यांच्या गालांना लावून उरलेला गुलाबी रंग कुणीतरी आमच्यावर ओतला. त्यामुळे माझ्या रंगाचा माणूस जगाच्या पाठीवर सापडायचा नाही. बाहुल्यांना डोळे मिळाले, बदकांना चोच मिळाली, आम्हाला नुसतं एक नख. रंगवणारी बाई म्हणाली, "यांना कोण बघणार आहे?" खरंच होतं तिचं, पण माझ्यासमोर म्हणायला नको होतं.

मला विकत घेतलं जादूकाकांनी. काका दिवसभर चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांना नीट दिसावं म्हणून आठवडाभर मान मोडून काचा घासायच्या आणि सुट्टीच्या दिवशी वाढदिवसांना जाऊन त्याच लोकांना दिसू नये म्हणून जिवाचं रान करायचं, असा त्यांचा दुहेरी संसार. त्यांच्या गुरूंनी त्यांना बजावलं होतं, "अंगठा दिसला की जादूगार मेला." काकांनी हे वाक्य इतकं मनाला लावून घेतलं होतं की चहाचा कप धरतानासुद्धा ते अंगठा आत दुमडत. त्यापायी त्यांनी कितीतरी कप फोडले.

मग एका उन्हाळ्यात लहान मुलांच्या शिबिरात जादू शिकवायचं काम त्यांना मिळालं. वर्गातली सगळी पोरं बुटाची नाडी न बांधता येण्याच्या वयाची. शिबिराच्या बाई कडक. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम होईल. तो फसला तर पुढच्या वर्षी ही वेळ मातीकामाला देईन. मातीकामाचं निदान घरी काहीतरी जातं." मातीकामाचे सर दारातच उभे होते. त्यांनी काकांची खोली डोळ्यांनी मोजून घेतली.

लहान मुलांच्या मापाचे नकली अंगठे मिळत नाहीत. लहान मुलांना गुपित सांगावं असं कुठल्याच कारखान्याला वाटलेलं नाही. तेव्हा माझ्या एकट्यावरच भागवायचं ठरलं. मी या अंगठ्यावरून त्या अंगठ्यावर फिरायचो आणि प्रत्येकावर उपड्या बादलीसारखा डुगडुगायचो.

"आता रुमाल मुठीत ढकला आणि अंगठा लपवा," काकांनी शिकवलं.

"का लपवायचा?" भोंग्यानं विचारलं. हा मुलगा बोलला की खिडक्यांच्या काचा थरथरत, म्हणून त्याचं हे नाव पडलं होतं.

"कारण तो खोटा आहे."

"त्याला ऐकू जाईल ना!" भोंगा कळवळला.

तिथंच सगळं फिसकटलं. जादूत कुणाला रसच उरला नाही, सगळ्यांचा जीव माझ्यावर जडला. माझं नाव अंगठेराव पडलं. रुमाल माझ्या पोटात जायचा तेव्हा पोरं म्हणायची, "अंगठेराव जेवले." काका रुमाल बाहेर ओढून दाखवायचे तेव्हा, "अंगठेराव ओकले!" आणि सगळा वर्ग हसून लोळायचा. मला पाणी पाजलं गेलं, माझा ताप बघितला गेला, मी थकलोय म्हणून मला मातीकामाच्या ओल्या मातीत झोपवलं गेलं. तिथून मला उकरून काढताना मातीकामाच्या सरांचं अर्धं बदक मोडलं. काकांच्या नाकी नऊ आले.

या गोंधळात एक मुलगी मात्र गप्प असायची. तिचे समोरचे दोन दात पडले होते आणि कुठल्यातरी मावशीनं भरल्या घरात तिला "बोळकी" म्हटलं होतं. तेच नाव तिला चिकटलं. तेव्हापासून ती उजवी मूठ तोंडावर धरूनच वावरायची. हसायचं तर मुठीआड, बोलायचं तर मुठीआड. मूठ काढली की तोंड घट्ट मिटलेलं.

तिची पाळी आली तेव्हा मोठी पंचाईत झाली. मी चढायचो उजव्या अंगठ्यावर आणि उजवी मूठ तर तोंडावर. तिनं बराच वेळ विचार केला. मग हळूच हात पुढं केला आणि तोंड मिटून घेतलं. पण मी रुमाल खाल्ला तेव्हा तिला हसू आलं आणि दोन दातांची ती रिकामी खिडकी मला दिसली. दिसली म्हणजे काय, मला डोळे नव्हते. पण तिचा अंगठा माझ्या आत हसत होता, ते मला कळलं. मला ही मुलगी फार आवडली.

डोळ्यांची सोय भोंग्यानं केली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यानं काळ्या मार्करनं मला दोन डोळे काढले आणि खाली मिशी काढली. "म्हणजे त्यांना उद्या लोक दिसतील," असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला डबीतून काढलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. ज्यानं जन्मभर लपायचं, त्याला मिशी! काकांनी खिशातून चष्म्याच्या काचा पुसायचं स्पिरिट काढलं आणि मला घासघास घासलं. मी पुन्हा गुलाबी, कोरा झालो. त्याच वेळी मुलं खोलीत शिरली.

सगळ्यांनी मला पाहिलं. मग भोंगा फुटला.

"काकांनी अंगठेरावांचे डोळे काढले!"

"अरे, डोळे काढले नाहीत, पुसले—"

"तुम्ही चष्म्याच्या दुकानात काम करता ना?" एक मुलगी रडत म्हणाली. "आणि तुम्हीच आंधळं केलंत?"

पोरं जमिनीवर फतकल मारून बसली. कुणीही स्टेजवर जाणार नाही. आंधळ्या माणसाला काम करायला लावणं वाईट असतं, असं त्यांचं एकमत झालं. बोळकीची मूठ पुन्हा तोंडावर गेली. पलीकडच्या हॉलमध्ये खुर्च्या सरकत होत्या, आजी-आजोबांना पंख्याखालच्या जागा मिळत होत्या. बाईंनी दारातून डोकावून विचारलं, "झालं का?" त्यांच्या खांद्यामागून मातीकामाच्या सरांनीही डोकावलं.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पोरांकडे. गुरूंचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मी ऐकलं. मग त्यांनी ते गिळलं आणि हात पुढं केला. "आण तो मार्कर."

त्यांनी घाईत रेघा ओढल्या, म्हणून माझा एक डोळा मोठा आहे. मिशी भोंग्यानं राखीव ठेवली होती, ती त्यानंच काढली. पोरं माझ्याभोवती जमली. एकीनं काळजीनं विचारलं, "आता त्यांना नीट दिसतंय का?" काकांचा हात सवयीनं चालला आणि त्यांनी मला चष्मासुद्धा काढून दिला.

अशा थाटात मी स्टेजवर गेलो. मिशी, चष्मा, भडक गुलाबी तोंड. लपणं तर राहू द्या, मी शेवटच्या रांगेतूनही ओळखू आलो असतो. वर पोरांनी मला सगळ्यांदेखत एकाच्या अंगठ्यावरून उपसून दुसऱ्याच्या अंगठ्यावर चढवायला सुरुवात केली. पडद्याआड काका डोळे मिटून उभे होते.

आणि कुणालाही काही दिसलं नाही!

खोटं वाटत असेल, पण मी स्वतः पाहिलं, आता मला डोळे होते. ज्याची पाळी, त्याचे आईबाप खुर्चीवर चढून उभे. मागचे ओरडताहेत, "अहो, खाली बसा!" पुढचे फोन उंचावताहेत. आई बघतेय शर्ट खोचलाय का, आजी बघतेय पोरगं वाळलंय का, आजोबा विचारताहेत आपला कोणता. पाळी संपली की सगळे बसून फोनमध्ये काय आलं ते बघायला लागायचे आणि दुसऱ्याचे उभे राहायचे. रुमाल गायब झाला की हॉल टाळ्यांनी दणाणायचा.

शेवटी बोळकी आली. तिची आई कामावर होती, बाबा एकटेच आले होते. दोन्ही हातांनी फोन धरून ते उभे होते. तिनं मूठ तोंडावरून काढली, मला चढवलं आणि रुमाल भरवायला लागली. अर्ध्यात रुमाल अडकला. तिनं मला नाकाजवळ आणून दटावलं, "अंगठेराव, चावून खा!" सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मी गिळला. तिनं दोन्ही हात हवेत उंच केले आणि तोंड भरून हसली, खिडकी सताड उघडी ठेवून.

बाईंनी पुढच्या वर्षीची वेळ तिथल्या तिथं काकांना देऊन टाकली. मातीकामाचे सर बदकं आवरू लागले.

हॉल रिकामा झाल्यावर बोळकीचे बाबा धावत परत आले. "पकडलं तुम्हाला!" त्यांनी काकांसमोर फोन धरला. "आत्ता गाडीत बघितलं. अंगठा खोटा आहे. त्याला मिशी आहे! चष्मा आहे!"

काका म्हणाले, "तुम्ही तर पहिल्या रांगेत होतात. तेव्हा काय बघत होता?"

बाबांचा आवाज एकदम खाली आला. "तिचं तोंड," ते म्हणाले. "दात पडल्यापासून ती माझ्यासमोरसुद्धा तोंड उघडून हसली नव्हती हो."

त्यांनी फोन खिशात टाकला. मग बाबा म्हणाले, "मला कळलंय, हे तिला सांगू नका. गाडीत मला तीनदा विचारलं तिनं, रुमाल कुठं गेला ते. मी हरलो म्हणून सांगितलंय." काकांनी मला आपल्या अंगठ्यावरून काढलं आणि बाबांच्या हातावर ठेवलं. "हे तिला द्या, काकांनी बक्षीस दिलंय म्हणावं. मला दुसरा मिळेल. पण याला चष्मा लागतो, तेवढं सांभाळा."

हल्ली मी बोळकीच्या घरी असतो. बाबा कामावरून आले की बूट काढायच्या आत त्यांना खुर्चीत बसवलं जातं. मी त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर मिशी-चष्म्यासकट उभा राहतो. ते फोन बाजूला ठेवतात, माझ्या लहान-मोठ्या डोळ्यांत नीट बघतात आणि मग म्हणतात, "अगं, आत्ता तर होता! गेला कुठं रुमाल?" टेबलाखाली वाकतात, उशा उचलतात, स्वतःचे मोजे झटकतात. तिला हसू आवरत नाही. तोंड झाकायचं म्हटलं तरी हात माझ्यात अडकलेला असतो. एक दात आता डोकावायला लागलाय.

माझी शाई पुसट होत चालली आहे. पण ती आंघोळीला गेली की बाबा दार लोटून घेतात, ड्रॉवरमधून मार्कर काढतात आणि जीभ दातांत धरून माझा चष्मा पुन्हा गिरवतात. त्या वेळी त्यांच्याइतकं लक्ष देऊन मला आजवर कुणीही पाहिलेलं नाही.

तुमच्याही समोर कधीतरी एखादा छोटा हात येईल आणि विचारील, रुमाल गेला कुठं? माझी एवढीच विनंती आहे. हातातलं काम खाली ठेवा, त्या अंगठ्याकडे डोळे भरून बघा, आणि मग सांगा की तुम्हाला काहीच दिसलं नाही.