घोडा पवित्रा

ठण्णकन वाटी शहाबादी फरशीवर पडली, आणि श्वास रोखून बसलेलं अख्खं अंगण एकदम हललं.

"आली! आईसाहेब आली!" विठ्ठलराव भगत ओरडला. बायांनी पदर पसरले. सांडलेलं पाणी कुणी डोळ्यांना लावलं, एकीनं तर चाटलंसुद्धा.

मधोमध अकरा वर्षांची ऋतुजा उभी होती. पाय फाकलेले, गुडघे वाकवलेले, पाठ ताठ, मुठी कमरेशी. घोड्यावर बसल्यासारखी, फक्त खाली घोडा नव्हता. मांड्या लटलटत होत्या, त्यांच्यावरूनच वाटी घसरली होती. बारा दिवस वेणी घातली नव्हती. भगतानं मनाई केली होती. शाळाही बंद. उद्या मंगळवारी तिला देवळाच्या ओट्यावर कायमची बसवायची असं ठरलं होतं.

दाराच्या चौकटीला टेकून बबिता लेकीकडं बघत होती. शिरूर कासारजवळच्या या वस्तीतून ती दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. लेक शाळेसाठी मागं, आजीजवळ. "पोरीच्या अंगात आलंय, ये," असा सासूचा, कौशल्याबाईंचा फोन आला, तशी ती हातातला कोयता टाकून एसटीत बसली. घरी आल्यावर लेकीला एकच विचारलं, "असं उभं राहायला कुणी शिकवलं?" आणि सकाळीच शाळा गाठली.

"देवी घोड्यावर बसून आलीय!" भगत सांगत होता. "मांडीवर तीर्थ घेऊन आलीय! अहो, एवढ्याशा पोरीला हे शिकवलं कुणी? सांगा, कुणी?"

"मी," फाटकातून आवाज आला.

शाळेत मुलींना कुंग फू शिकवणाऱ्या समिना मॅडम होत्या.

"याला घोडा पवित्रा म्हणतात. चीनमधली जुनी विद्या आहे, तिचा हा पहिला धडा. मांडीवर पाण्याची वाटी ठेवायची. वाटी हलली की समजायचं, पाय दमले."

"मॅडम, तुमचं देवीत काय काम?" गर्दीतला तानाजी गुरकावला.

"देवीत काहीच नाही, भाऊ. माझं काम मांडीशी." दोन पोरं फिसकन हसली. "विठ्ठलराव, तुमच्या अंगात येतं का हो?"

"आपण देवीचे चाकर. आपल्याला वारं येत न्हाई."

"मग उत्तमच. तुमचे पाय थरथरायला नकोत. राहा उभे."

सगळ्यांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. भगतानं धोतर खोचलं.

"खाली. अजून खाली."

पहिल्या मिनिटाला त्यानं मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्याला कपाळावर घाम. मग वारा नसतानाच धोतर फडफडायला लागलं.

"देवी... देवी माझ्याकडं वळली!"

"असं? तानाजीभाऊ, तुम्हीही या. आणि ती हसणारी पोरं."

पाच मिनिटांत चार जण लटलटत होते.

"आगं बया," एक म्हातारी म्हणाली, "येवढ्या देव्या ठिवायच्या कुठं?"

"गुडघे वाकवून एका जागी उभं राहिलं की सगळा भार मांडीवर येतो," मॅडम म्हणाल्या. "तिथले स्नायू दमले की थरथरतात. भगताचे, माझे, कुणाचेही."

बबिता पुढं आली. तिचा आवाज चढला नाही.

"मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढताना माझे पाय रोज असेच थरथरत्यात. धा वर्सं झाली. मला कुणी हळदकुंकू न्हाई लावलं. पाय थरथरले तर माणसाला बसवावं, पाणी द्यावं, इतकंच. नारळ कशापायी फोडता?"

भगत गुडघे चोळत निघाला, अंगण हळूहळू रिकामं झालं. कौशल्याबाई चुलीपाशी तोंड फिरवून बसल्या.

बबितानं लेकीला पुढ्यात घेतलं. केसांत गुंता इतका, की फणी ओढली तरी पुढं सरकेना. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. मुकादम तगादा लावतोय, नवरा-बायकोच्या जोडीतलं एकच माणूस चालत नाही, लवकर ये. "बरं," म्हणून तिनं फोन ठेवला.

"आई," ऋतुजा मागं न बघता म्हणाली, "पहिल्यांदा पाय थरथरले तवा मला काय बी म्हाईत नव्हतं. मंग आज्जी तुला बोलवायचं म्हणाली. म्हणून मी रोज उभी राहत होते. लई वेळ. लई दुखायचं."

बबिताचा हात केसांतच थांबला.

"आता देवी न्हाई म्हणल्यावर, तू परत जाशील का?"